जाब कुणाला विचारायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की मोबाईल, अ‍ॅप, ऑनलाईन यापायी तुमचं काय अडलं असेल, घरात नाहीतर गल्लीत काय बिघडलं असेल तर कळवा. भरपूर आलं, जास्त करून व्हॉट्सअ‍ॅपवरच, काहींनी व्हॉइस मेसेज पाठवले ते ऐकून लिहून काढले. नावं गाळलीत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाही, पाचजणांचे प्रश्न घेतलेत. वाचताना एक सारखं जाणवत होतं, प्रत्येकाची अडचण वेगळी पण शेवट जवळपास सगळ्यांचा एकच, आता विचारायचं कुणाला.

"मी विडी घरकुलात राहते. आई ६१ वर्षांची आहे, पोरवयापासून विड्या वळते. रेशन दुकानात मशीनवर तिचा अंगठा लागंना झालाय, तीन चकरा झाल्या. दुकानदार म्हणतो माझ्या हातात काय नाही, मशीन घेत नाही. केवायसी पण राहिली, नाव कटंल म्हणायलेत. आई दुकानात म्हणाली मी हाय की हितं उभी, मशीनला दिसंना व्हय. मला लई वाईट वाटलं. काय करावं?"

ताई, तुझा मेसेज मी दोनदा ऐकला. आपल्या सोलापुरात ज्यांच्या घरात विडी आहे त्यांना हे सांगायला नको पण बाकीच्यांसाठी लिहितो. सूप मांडीवर घेऊन बसायचं, भिजवलेलं पान फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा आणि अंगठा आणि बोटाच्या मधी दाबून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तेच बोट तसंच घासणार, आणि हे चाळीस वर्षं. बोटावरच्या रेषा झिजणारच. धुणंभांडी करणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं. म्हणजे ज्यानं हातानं जास्त काम केलं त्याचाच हात मशीनला ओळखू येत नाही, आणि रेशनची गरज त्यालाच जास्त. ही तुझ्या आईची चूक नाही, यंत्रणा उभी करणाऱ्यांनी हा हात डोळ्यापुढं ठेवला नाही.

आता काय करायचं ते. पहिलं म्हणजे दुकानदाराचं "माझ्या हातात नाही" हे खरं नाही. २०१७ मध्ये झारखंडात एका लहान मुलीच्या भूकबळीवरून देशभर ओरड झाली, त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय की आधार जुळत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या रजिस्टरला नोंद करून द्यायचं. २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टानंही मशीनवर ओळख पटली नाही एवढ्या कारणावरून हक्काचा लाभ बंद करू नये असंच म्हटलंय. कार्डात दुसरं कुणी असेल, म्हणजे तू, तर तुझा अंगठा लावूनही घरातल्या सगळ्यांचं धान्य निघतं, आधी ते करून बघ. केवायसीसाठी बोटाऐवजी डोळ्याचं मशीन चालतं, आणि मेरा ई-केवायसी नावाच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होते. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे परत घेता येतात, पण खरं सांगतो, झिजलेल्या बोटाचे ठसे चार वर्षांनी परत तसेच होतात, तेव्हा त्याच्यावरच विसंबू नको.

एवढं करून नाहीच दिलं तर तोंडी भांडत बसू नको, कागद कर. साध्या कागदावर तारीख, दुकानाचा नंबर, आलो होतो, अंगठा लागला नाही, धान्य दिलं नाही, एवढंच लिहायचं आणि अन्नधान्य वितरणच्या परिमंडळ ऑफिसात देऊन पोच घ्यायची. गावाकडच्यांनी तहसीलच्या पुरवठा विभागात द्यायचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग आहे, आणि हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याबदली भत्ता द्यावा असंही त्याच कायद्यात आहे, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. मशीनला जाब विचारता येत नाही ताई, पण मशीनच्या मागं सही करणारा एक माणूस कायद्यानं बसवलेला आहे, त्याच्या टेबलावर कागद पोचला पाहिजे. लाडकी बहीणच्या वेळेला हेच झालं, २०२५ मध्ये केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला आणि ज्यांना दोन्ही नाहीत त्या बायका अडकल्या, बायकांनी ओरडा केला म्हणून मुदत वाढली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. तुमच्या घरकुलात अशा अजून किती आया आहेत ते बघ, दहाजणींच्या सह्या एका कागदावर आल्या तर तो कागद बाजूला टाकता येत नाही.

"टिळक चौकाकडं माझं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत एका गिऱ्हाईकानं १,८०० रुपये स्कॅन करून दिले. दोन महिन्यांनी माझं अख्खं खातं बंद, बँकेत विचारलं तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे म्हणतात, तिकडं फोन लागत नाही. खात्यात दोन लाख अडकलेत, कारखानदाराला काय सांगू?"

शेठ, आधी हे कसं होतं ते समजून घ्या म्हणजे कुठं बोट ठेवायचं ते कळेल. कुणाचीतरी फसवणूक होते, तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करतो, तक्रार नोंदली जाते आणि ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे जिथं जिथं गेले त्या सगळ्या खात्यांवर खूण पडते. चोर पैसे घेऊन पळू नये म्हणून हे लागतंच, माझा त्याला विरोध नाही. पण त्या साखळीत शेवटी टॉवेल विकणारा माणूसही येतो ज्यानं माल दिला, पैसे घेतले, बिल फाडलं.

बँकेला लेखी अर्ज द्या आणि तीनच गोष्टी मागा, कोणत्या पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रारीचा नंबर काय, आणि वादातली रक्कम नेमकी किती. हे सांगायला बँक नाही म्हणू शकत नाही. मग त्या ठाण्याला ईमेलनं बिलाची कॉपी, जीएसटी नंबर, त्या दिवसाचा माल काय गेला ते पाठवा आणि तेच आपल्या शहरातल्या सायबर पोलिसांकडंही द्या. मागणी एकच ठेवा, अडवायचे तर १,८०० अडवा, दोन लाख का. केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या बाबतीत वादातल्या रकमेपुरतंच अडवावं असं म्हटलंय, तो निकाल वकिलाला दाखवा. पोलिसांना मालमत्ता अडवायचा अधिकार आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे पण त्यात मॅजिस्ट्रेटला कळवायचं बंधनही आहे, ते कळवलंय का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बँक तीस दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार होते, पैसे लागत नाहीत.

आणि एक, धंद्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, हे सगळ्याच दुकानदारांना सांगतोय. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि बघता बघता भाजीवाल्या मावशीपासून सगळ्यांनी तो कोड टांगला. त्याचा फायदा झालाय, सुट्ट्यांची कटकट गेली, मी स्वतः दिवसभर तेच वापरतो. पण आमच्या घरी किराण्याची लाल वही असायची, त्यात चूक झाली तर वडील वही घेऊन दुकानात जायचे आणि दोघं मिळून पान उलटून बघायचे. आत्ताचं पान उलटायला समोर कुणी नाही ही खरी अडचण आहे.

"जुळे सोलापूर. मी निवृत्त शिक्षिका. परवा व्हिडिओ कॉल आला, पोलिसी ड्रेसमधला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय म्हणाला, डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही. अडीच तास बसले होते. शेजारीण विरजण मागायला आली म्हणून वाचले, पैसे गेले नाहीत. मुलाला सांगायची लाज वाटते. पोलिसात जाऊ का?"

बाई, जा. आणि मुलालाही आजच सांगा. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, ईडी नाही, सीबीआय नाही, कोर्ट तर नाहीच नाही. पंतप्रधानांनी सुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये हे सांगितलं होतं. तुम्ही त्यांना आधारचा फोटो, बँकेचं काही दाखवलं असेल तर बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा, पैसे गेले नसले तरी नंबर नोंदला जातो आणि पुढचा कुणीतरी वाचतो.

लाजेचं म्हणाल तर या लोकांचं सगळं भांडवल तेच आहे. कुणाला सांगू नका, दार लावून घ्या, फोन बंद करू नका, हे ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगतात कारण त्यांना माहिती असतं की शेजारीण आत आली की खेळ संपला. तुमच्या वर्गातल्या शेकडो पोरांनी तुमच्याकडून धडे घेतलेत, हा पण एक त्यांना सांगा, तुमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जसं घडलं तसं लिहून टाका.

"अकलूजला कॉलेजात आहे, गाव माळशिरस तालुक्यात. मारकडवाडीचं प्रकरण झालं तेव्हापासून मित्रांमध्ये दोन गट पडलेत. एकजण म्हणतो ईव्हीएम मोबाईलवरून हॅक करतात, दुसरा म्हणतो शंका घेणं म्हणजे देशद्रोह. तुमचं मत काय?"

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला निकाल लागला. माळशिरसमध्ये उत्तमराव जानकर निवडून आले पण मारकडवाडीतल्या त्यांच्या समर्थकांना गावात पडलेल्या मतांचा आकडा पटेना. मग गावानं ठरवलं की ३ डिसेंबरला आपणच कागदी मतपत्रिका छापून परत मत टाकून बघू. प्रशासनानं परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, गावात पोलीस आले आणि शेवटी ते मतदान झालंच नाही. नंतर शरद पवार गावात जाऊन आले, देशभर बातमी झाली. लक्षात घ्या, उमेदवार जिंकलेला होता, तरी ही माणसं उभी राहिली.

मोबाईलवरून हॅक होतं म्हणणाऱ्या मित्राला सांग की ईव्हीएम इंटरनेटला, ब्लूटूथला जोडलेलंच नसतं, त्यामुळं ते फिरणारे व्हिडिओ बिनबुडाचे आहेत, आणि ते पसरवल्यानं खऱ्या शंकेचं सुद्धा हसं होतं. आणि गावातल्या त्या मतदानानं सिद्ध पण फार काही झालं नसतं, दोन आठवड्यांनी, सगळ्यांच्या नजरेसमोर, माणूस तसंच मत टाकेल याची काय खात्री.

पण देशद्रोह म्हणणाऱ्या मित्राला जास्त सांगायचंय. शंका विचारली म्हणूनच कागद आला हे त्याला माहिती नसावं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की कागदी पुरावा लागतोच, त्यातून व्हीव्हीपॅट सगळीकडं आलं, तुझ्या मताची चिठ्ठी काचेमागं सात सेकंद दिसते ती त्याचीच देणगी. २०१९ पासून एका विधानसभा क्षेत्रातल्या पाच मशीनच्या चिठ्ठ्या मोजून आकड्याशी ताडतात. सगळ्या मोजा ही मागणी २६ एप्रिल २०२४ ला कोर्टानं फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के मशीनची तपासणी मागता येईल असं ठरवून दिलं. जर्मनीत तर २००९ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं असं धरलं की मत कसं मोजलं गेलं हे साध्या नागरिकाला, तांत्रिक शिक्षण नसताना, स्वतः पडताळता आलं पाहिजे, आणि तिथली तेव्हाची मतदान यंत्रं त्या कसोटीला उतरली नाहीत.

मला हा जर्मन विचार पटतो. मशीनमध्ये घोटाळा आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण माझ्या चुलत्याला मतपेटी कळायची, सील कळायचं, मोजणीच्या टेबलाशी गठ्ठ्यांवर नजर ठेवून बसलेला एजंट ओळखीचा असायचा, हरला तरी घरी येऊन म्हणायचा हरलो. आत्ता त्याला कुणीतरी तज्ज्ञ सांगणार की बरोबर आहे आणि त्यानं मान हलवायची. कायद्यानं काडीची किंमत नसलेलं गावकऱ्यांचं मतदान जमावबंदी लावून थांबवलं तिथं माझ्या मते चूक झाली, होऊ द्यायचं होतं, मशीन खरं असेल तर भ्यायचं कशाला. आता एक काम करा, दोघंही मिळून पुढच्या निवडणुकीत पोलिंग एजंट व्हा, वेगवेगळ्या पक्षाचे व्हा पाहिजे तर. फॉर्म १७-सी म्हणजे त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याचा कागद एजंटला मिळतो, तो घ्या आणि मोजणीला आकडा ताडून बघा.

"भवानी पेठेतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. सव्वादोनशे मेंबर आहेत. चार दिवसांपूर्वी एका काकांनी जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीचा फोटो टाकला, खाली लिहिलं मुलं पळवणारी टोळी सोलापुरात आलीय, दिसली की धरा. ती बाई आमच्या आईकडं कित्येक वर्षं येते, मी ओळखतो. पण काका वयानं मोठे, ग्रुपवर बोलणं बरं दिसत नाही म्हणून गप्प बसलो. काही झालं तर माझ्यावर केस होईल का?"

दादा, केसचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही, त्यात त्याचाही डाव होता हे दाखवावं लागतं, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. तेव्हा तुझं बहुतेक काही होणार नाही. पण मला काळजी तुझी वाटत नाही, त्या बाईची वाटते, आणि तुझ्या पत्रातली "मी ओळखतो" हे दोन शब्द वाचून तर जास्तच.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला एसटीतून उतरली. आदल्या काही दिवसांपासून तिकडं मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुणीतरी ओरडलं, बाजार गोळा झाला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं दार लावून पाचही जणांना ठेचून मारलं. ती माणसं बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. धुळ्याची बातमी म्हणून आपण वाचली पण प्रेतं आपल्या जिल्ह्यात आली, रडणाऱ्या बायका आपल्या होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक, मोटरसायकलवरून पोरगं उचलून नेतानाची, ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढाच तुकडा कुणीतरी कापला. कापणारा कोण ते कुणाला कळलं नाही.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जागी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एकाच जागी पाठवता येईल असं केलं. तुझ्या काकांनी टाकलेल्या मेसेजवर दोन बाण असतील तर तो असाच हिंडून आलेला आहे, बघ. मर्यादा आली ते बरंच झालं, पण सव्वादोनशे जणांच्या ग्रुपवर एकदाच टाकलं तरी अख्खी पेठ होते. शिवाय त्या मेसेजवर आपला भरवसा बसतो तो मेसेजमुळं बसतच नाही, तो काकांमुळं बसतो. काकांनी पोराला सायकल शिकवलेली असते, वर्गणी गोळा केलेली असते, ते खोटं कशाला सांगतील. लिहिणारा कुठं बसलाय माहिती नाही, त्याला जाब विचारता येत नाही, तो काकांचा चेहरा लावून तुमच्या घरात येतो.

आणि आपल्या शहराला तरी हे नवं वाटायला नको. सेटलमेंटवरून, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या जुन्या वसाहतीवरून, आपण रोज जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी लावली, आणि तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. तेव्हा संशयिताचं नाव रजिस्टरला असायचं, आता फोटो ग्रुपवर असतो, आणि दोन्ही वेळेला डोक्यावर गाठोडं घेऊन दारोदार फिरणारीच माणसं सापडतात. पांढऱ्या कॉलरवाल्याचा फोटो टोळी म्हणून कधी आलेला मी तरी बघितला नाही.

तेव्हा आज काय करायचं ते ऐक. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो कर. पण नुसता डिलीट करून थांबू नको, तेवढ्यानं लोकांच्या डोक्यातून जात नाही आणि काहीतरी लपवतायत असं वाटतं. त्याच्याखाली स्वतःच्या नावानं लिही की ही बाई आमच्या घरी एवढी वर्षं येते, मी ओळखतो, हा मेसेज खोटा आहे, कुणाला शंका असेल त्यानं मला फोन करा. काकांच्या घरी जा, ग्रुपवर त्यांना बोलू नको, समोर बसून विचार की तुम्हाला हे कुणी पाठवलं, मग त्याला विचार, दोन-तीन घरं मागं तरी जाता येतं. चौकीत सांगून ठेव म्हणजे दुसऱ्या पेठेत काही झालं तर त्यांना माहिती असेल. ती बाई कुठं राहते ते तुझ्या आईला ठाऊक असेल, तिला निरोप द्या, तिला तर पत्ताच नसेल की आपला फोटो फिरतोय, ती उद्या गाठोडं घेऊन निघणार.

आणि ती गल्लीत येईल त्या दिवशी आईला सांग, तिला ओट्यावर बसवून चहा द्या, आत नको, बाहेरच, सगळ्यांना दिसेल असं.